कानशिलाच्या खिडकीतून

निवृत्तिवेतन घेण्यास आलेल्या एखाद्या वृद्ध गृहस्थाची सही पूर्वीच्या सहीशी जुळत नाही. अक्षर बारीक होत होत शेवटी मुंगीएवढे झालेले असते. आणि मांडीवर स्वस्थ ठेवलेला हात जपमाळ ओढीत असल्यासारखा हलत असतो. दुसऱ्या एखाद्या आजीबाईंचा हात एरवी स्थिर असतो, पण चहाची बशी ओठांशी नेताना थरथरतो. घरची माणसे दोघांविषयी एकच निदान करतात : वय झाले! वस्तुतः हे दोन कंप भिन्न आहेत. त्यांची औषधे भिन्न आहेत आणि पुढील वाटचालही भिन्न आहे.

पहिला कंप बहुधा कंपवाताचा. लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली सहा रुग्णांवरून त्याचे वर्णन केले. रोगाचे मूळ मध्यमस्तिष्कातील कृष्णद्रव्यात आहे, हे १९१९ साली पॅरिसमध्ये त्रेत्याकॉफ यांनी दाखविले. तेथील काळसर पेशी डोपामिन निर्माण करतात. त्या झडू लागल्या की हालचाल मंदावते, अंग ताठरते, हात कापतो. लक्षणे उघड होईपर्यंत त्या पेशींचा मोठा हिस्सा नाहीसा झालेला असतो.

पण हे कृष्णद्रव्य जिवंत माणसात पाहावे कसे? ध्वनिलहरींनी पोटातील गर्भ दिसतो. मेंदूभोवती मात्र कवटीचा तट आहे. हाड ध्वनी शोषून घेते, विखरून टाकते. तथापि या तटालाही एक खिडकी आहे. कानाच्या पुढे, कानशिलापाशी, हाड पातळ असते. तेथे थोडा मलम लावून सोनोग्राफीचे उपकरण टेकवितात. सेकंदाला वीस-पंचवीस लाख कंपनांच्या, कानाला न ऐकू येणाऱ्या लहरी आत जातात आणि प्रतिध्वनी होऊन परततात. पडद्यावर मध्यमस्तिष्काची आकृती पंख पसरलेल्या काळ्या फुलपाखरासारखी उमटते. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. काम काही मिनिटांचे.

जर्मनीतील गेओर्ग बेकर व त्यांचे सहकारी यांनी १९९५ साली एक विलक्षण गोष्ट नोंदविली. कंपवाताच्या रुग्णांत त्या काळ्या पंखांवर, नेमक्या कृष्णद्रव्याच्या जागी, उजळ पट्टा दिसत होता. आरंभी अनेकांना ते पटले नाही; परंतु पुढे इतर संशोधकांनाही तेच आढळले. दहांपैकी सुमारे नऊ रुग्णांत हा पट्टा दिसतो. गंमत अशी की, नुसत्या डोळ्यांना जे द्रव्य रोगाने फिके पडलेले दिसते, तेच ध्वनीला उजळ दिसते! तेथे वाढलेल्या लोहाशी या उजळपणाचा संबंध असावा, असे तज्ज्ञ मानतात. आजीबाईंच्या प्रकारच्या कंपात हा पट्टा बहुधा नसतो; म्हणूनच दोहोंतील भेद ओळखण्यास ही तपासणी साहाय्यभूत ठरते.

साहाय्यभूत, एवढेच, निर्णायक नव्हे. दहा निरोगी माणसांतील सुमारे एकातही असा पट्टा आढळतो, आणि त्यांतील बहुतेकांना हा रोग कधी होतही नाही. काहींची, विशेषतः वृद्ध स्त्रियांची, कानशिलाची खिडकी बंदच असते; हाड जाड होऊन ध्वनीला वाट देत नाही. रोग वाढला म्हणून पट्टा वाढत नाही. तेव्हा त्यावरून रोगाची प्रगती मोजता येत नाही. शिवाय चित्र चांगले की वाईट, हे तपासणाऱ्याच्या सरावलेल्या हातावर अवलंबून असते.

म्हणून अखेरचा शब्द अजूनही अनुभवी डॉक्टरांचाच. रुग्ण चालतो कसा, वळतो कसा, बोटे किती चपळाईने मिटतो-उघडतो, हे पाहूनच निदान होते. ध्वनीची साक्ष त्याला पुष्टी देते. पण ज्याची सही परत पाठविली गेली, त्या वृद्धाला या साक्षीचे मोल मोठे आहे. ‘वय झाले’ या शब्दांपाशी त्याची वाट संपत होती. खरे नाव कळले, म्हणजे तेथूनच उपचाराची वाट सुरू होते.