गादी कोण चालवणार?

(लहान व्यापारी व उद्योजकांसमोर केलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संस्थानाची असते तीही गादी आणि आपल्या दुकानात असते तीही गादीच. म्हणून आजच्या विषयाचा आरंभ, ज्यांचे नाव आपल्या जिल्ह्याने धारण केले त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवींपासून करतो.

जामखेड तालुक्यातील चौंडी येथे १७२५ साली जन्मलेली ही कन्या होळकरांची सून झाली. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव धारातीर्थी पडले. मल्हाररावांनी सुनेला सती जाण्यापासून परावृत्त केले आणि आपल्या हयातीतच तिला कारभारात तयार केले. १७६६ मध्ये मल्हारराव आणि १७६७ मध्ये नातू मालेराव निवर्तले, तरी दौलत पोरकी झाली नाही. राज्यकारभार देवींकडे व फौज तुकोजींकडे, ही व्यवस्था १७९५ पर्यंत टिकली. पुढे १७९७ साली तुकोजी वारले आणि त्याच घराण्यात भावाभावांत वारसाचा कलह पेटला. पहिल्या वेळी वारस आधीच तयार झाला होता, दुसऱ्या वेळी वारसाचा निर्णय मृत्यूनंतर करावा लागला.

आता आपल्या गादीकडे वळू. एकट्याच्या मालकीच्या दुकानाला कायद्याच्या दृष्टीने मालकाहून वेगळे अस्तित्व नाही. मालक गेला की त्याच्या खात्यातून व्यवहार थांबतात आणि वारसाला जीएसटीची नोंदणी नव्याने घ्यावी लागते. भागीदारी असल्यास, करारात वेगळी तरतूद नसेल, तर १९३२ च्या कायद्यानुसार भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. आपला करारनामा शेवटचा कधी वाचला, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

'मुलाचे नाव नॉमिनी म्हणून लावले आहे' या समाधानात पुष्कळजण असतात. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या संपत्तीविषयीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी स्पष्ट केले, की समभाग वा म्युच्युअल फंडाचा नॉमिनी त्यांचा मालक ठरत नाही. वारसांचे हक्क अबाधित राहतात.

मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई, यांना समान हिस्से मिळतात. वीस वर्षे रोज दुकान उघडणारा मुलगा आणि पुण्यात नोकरी करणारा मुलगा कायद्याला सारखेच. मुलीला भाऊबीजेच्या ओवाळणीवर समाधानी ठेवून हक्कसोडपत्रावर सही घेणे, हा न्याय नव्हे. तिच्यातही कर्तृत्व असू शकते. नगरशी नाते असलेल्या फिरोदिया घराण्याची 'लूना' १९७२ साली आली. २०२४ मध्ये तिचा विजेवर चालणारा अवतार आणला तो याच घराण्यातील कन्या सुलज्जा फिरोदिया-मोटवानी यांनी.

मृत्युपत्राचे नाव काढले की घरात अभद्र बोलल्यासारखे वाटते. परंतु वेळेवर कारभारातून हात काढून घेणारा वानप्रस्थाश्रम आपल्याच पूर्वजांनी सांगितला. तेव्हा प्रथम मुलांना विचारा, हा व्यवसाय त्यांना हवा आहे काय? नको असेल, तर चालू स्थितीतील दुकान योग्य माणसाला विकण्यात कमीपणा नाही. हवा असेल, तर येत्या वहीपूजनाला वही त्याच्या वा तिच्या हाती द्या. डोक्यात असलेली उधारी, देणी, तोंडी शब्दावर चाललेले व्यवहार कागदावर उतरवा. दुकान कोणाला आणि इतरांना त्या बदल्यात काय, हे सर्वांना समोर बसवून सांगा. मग दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करा. नोंदणी सक्तीची नाही, तरी केलेली बरी.

शेवटी एक महिना गल्ल्यापासून दूर राहून पाहा. जे अडेल ते शिकवायचे राहिले आहे असे समजा, आणि शिकवायला आपण आज आहोत, हे लक्षात असू द्या.