तीन मुली आणि त्यांचे गुरुजी

चतुर्थीच्या दिवसांत मोप्यास, किंबहुना पेडणे महालातील कोणत्याही गावी गेले असता घराघरांतून घुमट, शामेळ आणि कांसाळे यांचा घोष कानी पडतो. मडक्याच्या तोंडावर चामडे ताणून केलेल्या या घुमटास गोवा सरकारने २०१९ साली राज्याच्या वारसावाद्याचा मान दिला. त्याच्याशी बसण्याचा मान मात्र फार काळ पुरुषांकडेच होता. बायकांनी धालो खेळावेत, फुगडी घालावी. दणक्याचे वाद्य त्यांच्या हाती शोभत नाही, असा संकेत. आता स्त्रियांची घुमट आरतीची पथके उभी राहिली आहेत, आणि त्यांचा दणका काही कमी नसतो.

मुलींनी किती मोठा आवाज करावा, हा प्रश्न इतरत्रही पडला आहे. ‘हेवी मेटल’ हे पाश्चात्य संगीत १९७० च्या सुमारास बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात रूपास आले. कर्कश गिटार, धडधडणारे ड्रम. ऐकणाऱ्यास प्रथम तो गोंगाटच वाटावा. हेही पुरुषांचेच क्षेत्र. १९७८ साली लंडनमध्ये चार तरुणींनी स्वतःचे पथक काढले आणि त्याचे नाव ठेवले ‘गर्लस्कूल’, म्हणजे मुलींची शाळा. ते नाव थट्टेचे होते. जावा बेटावर मात्र असे पथक खरोखरच एका शाळेत जन्मास आले.

पश्चिम जावातील गारुत जिल्ह्यात, डोंगराळ मुलखातील एका इस्लामी शाळेत मार्स्या, विदी आणि सिती या तीन मुली शिकत होत्या. मुली चळवळ्या, प्रश्न विचारणाऱ्या. अशा मुलांविषयी शिक्षकांच्या खोलीत काय बोलले जाते, ते सांगावयास नको. परंतु एर्सा नावाच्या गुरुजींनी त्यांस दटावले नाही, हाती वाद्ये दिली. त्यांच्या संगणकावरील ‘सिस्टिम ऑफ अ डाउन’ या अमेरिकन पथकाची गाणी मुलींच्या कानी पडली आणि त्या वेडावून गेल्या. २०१४ साली पथक निघाले. नाव ‘व्हॉइस ऑफ बासेप्रोत’. सुंदानी भाषेत बासेप्रोत म्हणजे गोंगाट, बडबड. लोक जे दूषण देणार, तेच मुलींनी आधी नावात घालून टाकले!

मार्स्या गाते व गिटार वाजविते, विदी बास गिटारवर, सिती ड्रमवर. तिघींच्याही मस्तकी हिजाब. हे सैतानाचे संगीत, असे गावात बोलले जाऊ लागले, धमक्याही आल्या. त्यावर मुलींनी धर्म सोडला नाही आणि वाद्येही सोडली नाहीत. उलट, मला संगीत वाजवू दे, अशी देवाचीच प्रार्थना त्यांनी एका गाण्यात मांडली. विरोधकांस दिलेले याहून नम्र आणि याहून अवघड उत्तर कोणते असू शकेल? ‘स्कूल रेव्होल्यूशन’ या गाण्यात तर शाळेतील शिक्षणपद्धतीवरच टीका आहे. ज्या गुरुजींनी वाद्ये दिली, त्यांच्याच व्यवसायावर हा घाव. तरीही आरंभीची काही वर्षे पथकाचा कारभार तेच पाहत राहिले. शिष्याचा आवाज आपल्याविरुद्ध उठला तरी तो दाबावयाचा नाही, ही शिक्षकाची कसोटी पुष्कळांस झेपत नाही.

पुढची वाटचाल वेगाने झाली. २०२१ साली युरोपचा दौरा, २०२२ साली जर्मनीतील वाकेन येथील मेटल संगीताचा प्रसिद्ध मेळावा, २०२३ साली ‘रेतास’ हा गीतसंग्रह. गाणी कधी इंग्रजीत, कधी इंडोनेशियन भाषेत, तर कधी मातृभाषा सुंदानीत. स्त्रीचा देह ही सार्वजनिक मालमत्ता नव्हे, हे सांगणारे एक गाणेही त्यांनी केले. २८ जून २०२४ रोजी इंग्लंडातील ग्लॅस्टनबरी महोत्सवात त्या व्यासपीठावर आल्या, तेव्हा तेथे वाजविणारे ते पहिलेच इंडोनेशियन पथक होते. मस्तकावर तोच हिजाब होता, आणि सितीचे ड्रम गारुतमध्ये वाजत होते तसेच मोठ्याने वाजत होते.