लोखंडाचा अंगरखा

‘जंग’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. जंग म्हणजे लढाई आणि जंग म्हणजे गंज. फारसीत हे दोन निराळे शब्द. आपल्या बोलीत येता येता त्यांचा उच्चार एक झाला. बंदुकीपुरते बोलायचे तर ते योग्यच झाले. पेटीत पडलेल्या बंदुकीची लढाई गंजाशीच असते.

कोकणात पिकाच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक बाळगणारे शेतकरी आहेत. माझे शेजारी भाऊ त्यांतलेच. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनी मला विचारले, “शायर, तुम्ही पुस्तकं वाचता. एकदा दिला की जन्मभर पाहायला नको, असा कुठला लेप आहे का?”

बंदुकीच्या नळीवर दिसणारी काळसर निळी झाक म्हणजे रंग नव्हे. ते लोखंडाचेच काळे ऑक्साईड. जुने कारागीर नळीवर मुद्दाम बारीक गंज चढू देत, मग ती पाण्यात उकळत. तांबडा गंज काळा होई. तो घासून पुन्हा तेच, असे अनेकदा. गंजानेच गंजाला अडवायचे! हा थर देखणा असतो, पण अगदी पातळ. हाताच्या घामाने झिजतो. त्याला तेलाची सोबत लागतेच.

दुसरा प्रकार फॉस्फेटचा. हा थर करडा, खरखरीत. सूक्ष्म छिद्रांत तेल धरून ठेवतो. सैन्याच्या हत्यारांवर तो फार वापरला गेला. तिसरा नव्या काळातला, सिरॅमिक मिसळलेला, भट्टीत भाजून पक्का केलेला लेप. खाऱ्या हवेला तो चांगला टिकतो. मात्र त्याआधी धातू वाळूच्या माऱ्याने खरवडून स्वच्छ करावा लागतो. ते काम कच्चे राहिले, तर लेप सुटतो.

भाऊंची बंदूक जुनी दुनळी. अशा पुष्कळ बंदुकांच्या दोन नळ्या मऊ डाखाने जोडलेल्या असतात. झटपट काळे करण्यासाठी वापरतात ते कॉस्टिकचे उकळते द्रावण हा डाख खाते आणि जोड सुटू शकतो. म्हणून तिला जुनी, सावकाश रीतच बरी. काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे. नळीवरचा क्रमांक खरवडला जाणार नाही, हेही पाहावे. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार तो पुसणे गुन्हा आहे.

आणि एक. बाहेरचा कुठलाही लेप नळीच्या पोटाला वाचवत नाही. ठासणीच्या बंदुकीत काळ्या दारूची राख उरते, ती हवेतला ओलावा ओढते. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळी त्याच दिवशी गरम पाण्याने धुवावी, पूर्ण कोरडी करावी, तेलाचा बोळा फिरवावा. चामड्याच्या पिशवीत बंदूक महिनोन् महिने ठेवू नये. चामडे ओल धरते.

भाऊंना मी एवढेच सांगितले, “भाऊ, लेप निवडण्याआधी कारागिराकडून नळी आतून तपासून घ्या. आत खड्डे पडले असतील, तर वरचा काळाभोर रंग फसवेल. नळी फुटली, तर पहिला जखमी होतो तो बंदूक धरणाराच.”