अंतराळवीराच्या पाठीवरचा संच

२०२१ च्या कोविडच्या लाटेत चाकणहून निघणारे ऑक्सिजनचे टँकर आपल्याला आठवत असतील. रुग्णालयांना टनांनी लागणारा हा वायू, यानाबाहेर काम करणारा अंतराळवीर पाठीवरच्या मुख्य टाक्यांत जेमतेम अर्धा किलो नेतो. तो सुमारे सात तास पुरतो, कारण एका श्वासातला थोडाच ऑक्सिजन शरीर वापरतं. उरलेला पंखा पुन्हा हेल्मेटकडे फिरवतो. वाटेत कार्बन डायऑक्साइड मात्र शोषावा लागतो. त्यासाठी लिथियम हायड्रॉक्साइड किंवा सिल्व्हर ऑक्साइडचा डबा असतो.

पण खरी डोकेदुखी उष्णतेची! भोसरी-चाकणच्या कामगारांना गाडीचा रेडिएटर नवा नाही. त्याला वारा लागतो. अवकाशात वारा कुठला? म्हणून अंगालगतच्या कपड्यात सुमारे ९० मीटर बारीक नळ्यांतून पाणी खेळवतात. ते शरीराची उष्णता एका सच्छिद्र धातूच्या पत्र्यापर्यंत नेतं. तिथे वेगळं पाणी निर्वातात गोठतं आणि त्या बर्फाची थेट वाफ होते, उष्णता घेऊन.

हेच पाणी उलटलंही आहे. १६ जुलै २०१३ रोजी इटलीचे अंतराळवीर लुका पार्मितानो यानाबाहेर असताना त्यांच्या हेल्मेटमध्ये सुमारे दीड लिटर पाणी साचलं. पाणी वेगळं करणाऱ्या पंपाची छिद्रं तुंबली होती. नाकापर्यंत पाणी आलं, तरी ते सुखरूप परतले. त्यानंतर हेल्मेटमध्ये शोषक पॅड आणि श्वासासाठी साधी नळी बसवू लागले.