कोंबडी मेली तर त्याच दिवशी सांगा



पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘पक्ष्यांच्या विषाणूजन्य रोगांच्या संशोधक’ असं छापलंय आणि खाली ‘विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करतील’. पहिलं खरं आहे. दुसऱ्याचं बघू. आपल्या शाळेच्या फाटकातून आत आल्यापासून माझं लक्ष ठिकाणावर नाही. विहिरीवर जाळी आली, टोल्याच्या जागी विजेची घंटा आली, पण प्रयोगशाळेच्या खिडकीला अजून तोच हिरवा रंग आहे. त्या खिडकीखाली आमचं खोकं असायचं.

नववीत शास्त्राच्या बाईंनी आम्हाला चहाच्या रिकाम्या पेटीतून अंडी उबवायचं यंत्र करायला लावलं. आत एक बल्ब, पाण्याची वाटी, थर्मामीटर आणि घरोघरून आणलेली गावठी अंडी. पाचव्या दिवशी बाईंनी खिडक्या लावून घेतल्या, अंडं बॅटरीवर धरलं, आणि आत लाल रेघांचं जाळं दिसलं. मधला ठिपका हलत होता. वर्गातली सगळ्यात दांडगी पोरंसुद्धा गप्प झाली. बाई, तुम्ही हसताय, पण मी आजही पोटापाण्यासाठी तेच करते. नऊ ते अकरा दिवसांचं अंडं दिव्यावर बघायचं, गर्भ जिवंत आहे ना याची खात्री करायची, कवचाला बारीक भोक पाडायचं आणि मेलेल्या पक्ष्याच्या नमुन्याचा थेंब आत सोडायचा. विषाणू जिवंत पेशीतच वाढतो, आणि तसल्या पेशी अंड्यात भरपूर. काही दिवसांनी आतला द्रव काढून कोंबडीच्या लाल पेशींत मिसळतात. पेशी तळाशी टिकलीसारख्या गोळा झाल्या तर ठीक. एकमेकींना चिकटून पसरल्या तर काहीतरी आहे. ते काय आहे हे ठरवायच्या चाचण्या पुढे असतात. त्यांच्या स्लाइड्स मी आणल्यात, पण संस्थेच्या सचिवसाहेबांची चुळबूळ सुरू झालीय.

ती स्लाइड्समुळे नाही. पुढे काय येणार ते त्यांना माहीत आहे. त्या पेटीची रात्रीची पाळी वसतिगृहातल्या एका मुलाकडे होती. एका रात्री बल्ब गेला. पहाटे त्यानं गुपचूप नवा बसवला आणि कुणाला काही बोलला नाही. बाईंच्या डस्टरची धास्ती! आम्ही एकविसाव्या दिवसापर्यंत पेटीभोवती घुटमळत राहिलो. पिल्लू एकही नाही. त्याच सकाळी सांगितलं असतं तर नवी अंडी ठेवता आली असती. तो मुलगा कोण, हे मी सांगणार नाही. आज त्यांनी जाकीट फार छान घातलंय.

तर मुलांनो, मार्गदर्शन एवढंच: वाईट बातमी त्याच दिवशी सांगा. उद्या नको. मार्क कमी पडले, पैसे हरवले, ताप आला, कुणी त्रास देतंय, त्याच दिवशी. माझं सगळं शास्त्र या एका सवयीवर चालतं आणि तिच्यावाचून अडतं.

नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर तुम्हाला माहीत असेल. देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ च्या फेब्रुवारीत तिथे नोंदला गेला. मरतूक आधीच लागली होती, पण पोल्ट्रीवाल्यांना ती मानमोडीची वाटली. त्यांना दोष देता येत नाही. दोन्हींत पक्षी धडाधड मरतात, आणि मानमोडी, म्हणजे पुस्तकातला राणीखेत रोग, १९२० च्या दशकापासून आपल्याकडे मुक्कामाला आहे. तिची लस आहे, तिची सवय आहे. भोपाळच्या प्रयोगशाळेतून एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू, असा निकाल आला आणि लाखो पक्षी मारावे लागले. २०२१ मध्ये नवापुरावर पुन्हा तीच वेळ आली. विषाणूला पाय नसतात. तो क्रेटवर, खाद्याच्या पोत्यावर, आपल्याच चपलेवर बसून जातो. तुम्ही दोन दिवस गप्प बसलात की गाडी पुढच्या गावाला पोचलेली असते.

उलट उदाहरण द्यायचं तर न्यूयॉर्कचं. तिथल्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये गाठ आलेली एक कोंबडी पेटन राऊस यांच्याकडे आली. त्या गाठीचा अर्क इतका गाळून घेतला की त्यात पेशी उरू नयेत, तरी तो टोचल्यावर दुसऱ्या कोंबडीला गाठ आली. विषाणूमुळे कर्करोग होऊ शकतो, हे त्यांनी १९११ मध्ये मांडलं. नोबेल मिळालं १९६६ मध्ये! पण ती कोंबडी मुकाट्यानं पुरून टाकली असती तर?

पालकहो, आता तुमच्याकडे वळते, कारण पोरं सांगत नाहीत याला निम्मे जबाबदार तुम्ही. आधी आमच्याकडचं बघा: बर्ड फ्लू निघाला की पोल्ट्रीवाल्याचा सगळा कळप मारला जातो. मग तो कशाला कळवील? म्हणून सरकार मारलेल्या पक्ष्यांची भरपाई देतं. मात्र पथक येण्याआधी जे आपसूक मेले त्यांचे पैसे मिळत नाहीत. म्हणजे जितका उशीर, तितकं नुकसान. ज्यानं ही अट घातली त्याला माणसं कळतात. तुमच्याकडे काय चालतं? पोरानं गणितात ११ मार्क पडल्याचं घरी आल्या आल्या सांगितलं की पाठीत धपाटा. लपवणाऱ्याला मात्र निकालापर्यंत सुट्टी! आज घरी जाऊन हे धोरण बदला. खरं सांगणाऱ्याला काहीतरी भरपाई द्या, भजी तळा. मुख्याध्यापक सर, हे शिक्षकांनाही लागू आहे. मान डोलावू नका, करा.

मुलांनो, अजून एक. २०२० च्या अखेरीस राजस्थानात झालावाडला आणि मध्य प्रदेशात इंदूरला बर्ड फ्लूनं आधी कावळे मरून पडले. शाळेच्या आवारात एकापेक्षा जास्त कावळे मेलेले दिसले तर हात लावायचा नाही, काठीनं ढोसायचं नाही, बाईंना सांगायचं आणि बाईंनी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. चिकन-अंडी खायला घाबरू नका. नीट शिजलेल्या अन्नात हा विषाणू टिकत नाही.

आणि सरपंच, मघाशी चहा घेताना तुम्ही म्हणालात, शेडवर सकाळपासून ‘दोन-चार’ मेल्यात. आजच्या आज सांगितलंत, उत्तम केलंत. दोन-चार म्हणजे नक्की किती, ते सगळ्यांसमोर विचारत नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी फोन लावलाय, ते निघालेत. बर्फाची पेटी माझ्या गाडीत आहे. मी कालच दुसऱ्या एका फार्मवर होते, तेव्हा शेडमध्ये पाऊल टाकणार नाही, कुंपणाबाहेर थांबेन. डॉक्टर येईपर्यंत एकही पक्षी विकू नका, खाद्याची गाडी फाटकाबाहेरच थांबवा. चला, बक्षिसं पटकन उरकू.