तळ्याची प्रकृती सांगणारे सूक्ष्म जीव

(पालक व विद्यार्थी यांच्या सभेत दिलेले भाषण)



पाण्याच्या पाकीविषयी आपल्या घरांत लहानपणापासून शिकवले जाते. हौजाचे पाणी रंग, वास आणि चव यांवरून पारखले जाते. साचलेल्या पाण्यात लघवी करण्यास हदीसमध्ये मनाई आहे. गावच्या तळ्याकडे मात्र आपण तितक्या आस्थेने पाहत नाही. कपडे तिथेच, गुरे तिथेच आणि गटाराचे तोंडही तिथेच! त्या तळ्याची प्रकृती कशी आहे, हे सांगणारे साक्षीदार त्याच पाण्यात राहतात. त्यांच्याविषयी आज चार शब्द सांगणार आहे.

आपल्या तळ्यांत या सूक्ष्म प्राण्यांची तीन घराणी प्रामुख्याने भेटतात. पहिले रोटिफर. त्यांच्या डोक्याशी असलेले बारीक केस चाकासारखे फिरताना दिसतात. लांबी बहुधा अर्ध्या मिलिमीटरहून कमी, आयुष्य फार तर काही आठवड्यांचे. दुसरी जलपिसू, ती उड्या मारल्यासारखी पोहते आणि शेवाळाचे कण गाळून खाते. तिसरा एकाक्ष सायक्लॉप्स. नारूचा जंतू याच्याच पोटातून माणसाच्या शरीरात शिरत असे. ही गोष्ट कळल्यावर पाणी फडक्याने गाळून पिण्याचा प्रचार झाला. भारतातील नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात आढळला आणि २००० साली आपला देश नारूमुक्त ठरला.

आता तळे आजारी कसे पडते ते पाहू. सांडपाणी आणि साबण यांतून नत्र व स्फुरद पाण्यात उतरतात. ते शेवाळाचे खतच. पाणी हिरवे पडते. मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि एखाद्या पहाटे मासे उलटे तरंगू लागतात. कोल्हापूरच्या रंकाळ्यात नाल्यांचे पाणी शिरल्याने काय झाले, हे तेथील लोकांनी पाहिले आहे.

मासे मरेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. त्याआधीच सूक्ष्म जीवांची वस्ती बदललेली असते. निरोगी तळ्यात अनेक जाती थोड्याथोड्या संख्येने नांदतात. बिघडलेल्या तळ्यात जाती घटतात आणि ब्रॅकिओनससारखे काटक रोटिफर बेसुमार वाढतात. जलपिसूंपैकी मोइनाही घाण पाण्यात तग धरते. म्हणून नुसते जीव मोजून भागत नाही, जाती ओळखाव्या लागतात. रासायनिक तपासणी त्या घटकेचे पाणी सांगते. हे जीव मागच्या दिवसांचा हिशेब सांगतात.

जर्मनीत कोल्कविट्झ व मार्सन यांनी १९०८ व १९०९ साली सजीवांवरून पाण्याची घाण ठरवण्याची पद्धत मांडली. पुढे १९८३ साली स्लाडेचेक यांनी ब्रॅकिओनसच्या जातींची संख्या ट्रायकोसेर्काच्या जातींच्या संख्येने भागण्याचा सोपा ताळा सुचवला. भागाकार दोनाहून अधिक आला तर तळ्यात खताचा भार फार. हा ताळा युरोपातील पाण्यावर बेतलेला आहे. तेव्हा आपण त्यावर सर्वस्वी न विसंबता, एकाच तळ्याची वर्षानुवर्षे स्वतःशीच तुलना करावी, हे उत्तम.

विद्यार्थी मित्रहो, यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. शिक्षकांना बरोबर घेऊन ठरावीक ठिकाणी, ठरावीक वेळी दहा लिटर पाणी अतिबारीक नायलॉनच्या जाळीतून गाळा. जाळीवर उरलेल्या पाण्याचा थेंब शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. आकृती काढा, संख्या लिहा, तारीख घाला. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा या तिन्ही ऋतूंत नोंद हवी, कारण पावसाने पाणी पातळ होते. लहान मासे फार झाले तरी जलपिसू कमी होतात. म्हणून निष्कर्ष घाईने काढू नका. आणि एक ध्यानात ठेवा: जीवांची विविधता आढळली म्हणून ते पाणी पिण्याजोगे ठरत नाही. पिण्याचे पाणी उकळलेलेच हवे.

पालकांना माझी विनंती आहे. या कामाला मुलांबरोबर मुलींनाही पाठवा. चिखलाने कपडे खराब झाले तर रागावू नका. तीन-चार वर्षांची नीट ठेवलेली वही हातात असेल, तर गटाराचे तोंड वळवा असे ग्रामपंचायतीला सांगताना आपल्यापाशी तक्रारीबरोबर पुरावाही असेल. तळे सर्व जमातींचे आहे. त्याची राखण करण्याचा मान आपल्या शाळेतील मुलांनी मिळवावा, इन्शाअल्लाह.