सीडी उघडून पाहा

औंधच्या व्यासपीठावर उभा राहणारा वक्ता यमाईला आणि बाळासाहेब पंतप्रतिनिधींना नमस्कार केल्याशिवाय पुढे जात नाही. सातारा-सांगलीच्या डॉक्टरांच्या मेळाव्यात अध्यक्षांनीही तो केला. शाळाशाळांतून सूर्यनमस्कार नेणाऱ्या राजाच्या गावी हृदयावर बोलायला मिळतंय, याचा आनंद व्यक्त केला, आयोजकांचे आभार मानले आणि दोन मिनिटांत विषयावर आले. पत्रिकेत विषय होता हृदयोपचाराच्या वाटचालीचा आढावा. १९७७ साली झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी केलेल्या पहिल्या अँजिओप्लास्टीपर्यंत तो पोचला आणि तिथेच थांबला. उरलेला सगळा वेळ सीटी अँजिओग्राफीने खाल्ला.

अध्यक्षांची तक्रार जुनी आहे. छातीत दुखतं म्हणून सीटी काढतात, ‘उजवी धमनी शंभर टक्के बंद’ असा रिपोर्ट येतो आणि त्यानंतर ती चित्रं कुणी उघडतच नाही. रुग्ण कॅथलॅबमध्ये, चित्रं नातेवाइकाच्या पिशवीत!

कॅथलॅबमधल्या अँजिओग्राफीत डाय जिथे पोचतो तेवढंच दिसतं. पूर्ण बंद धमनीत तो तोंडाशीच अडतो. आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांतून फिरून आला तर पलीकडचं टोक भरतं. मधला भाग अंधारात. सीटीत मात्र धमनीची भिंत दिसते, बंद भागाची लांबी मोजता येते, कॅल्शियम कुठे साचलंय तेही कळतं. जपानी डॉक्टरांनी २०११ साली अशा धमन्यांसाठी गुणपद्धत बसवली. तिच्यात पाच गोष्टी आहेत: बोथट तोंड, कॅल्शियम, ४५ अंशांहून जास्त वळण, २० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त लांबी आणि आधी फसलेला प्रयत्न. पहिल्या चार गोष्टी सीटीवर दिसतात. पाचवी, अध्यक्ष म्हणाले, पहिल्या चार न पाहिल्याने घडते.

सकाळच्या सत्रात यावरून खडाजंगी झाली होती. कॅल्शियम सीटीत फुगून दिसतं, त्यामुळे ती फसवते, असं एका बाजूचं म्हणणं. वायर हातात आली की सगळं कळतं, असं दुसऱ्या बाजूचं. अध्यक्षांनी वाद मिटवला तो आटपाडीकडच्या एका डाळिंब बागायतदाराच्या गोष्टीने. शहरातल्या एका रुग्णालयात त्याची उजवी धमनी उघडण्याचे दोन प्रयत्न फसले होते, बायपास सांगितली होती. फाइलच्या मागच्या कप्प्यात सीडी होती, पाकीटही न फोडलेलं. अध्यक्षांनी रेडिओलॉजिस्टला शेजारी बसवून ती पाहिली. तोंडाशी कॅल्शियमचा गठ्ठा होता, पण एका कडेला. दुसऱ्या कडेने वाट मऊ होती आणि पुढे धमनी वळत होती. तिसऱ्या खेपेला वायर त्या कडेने पार गेली. “कॅल्शियम फुगलेलं दिसत होतं, कबूल,” ते म्हणाले, “पण ते कुठल्या कडेला आहे, हे खोटं होतं का?”

एका किश्शाने शास्त्र ठरत नाही, असं कुणी म्हणायच्या आत त्यांनी कोरियातला अभ्यास काढला. पूर्ण बंद धमन्यांचे ४०० रुग्ण. आधी सीटी पाहून केलेल्या गटात ९३.५ टक्के धमन्या उघडल्या, न पाहता केलेल्या गटात ८४ टक्के.

मग स्टेंटची घाई करणाऱ्यांची पाळी आली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ चाचणीत ५,१७९ स्थिर रुग्ण होते. बहुतेकांची डावी मुख्य धमनी ठीक आहे ना, हे आधी सीटीवर पाहून घेतलं होतं. अशा रुग्णांत लगेच स्टेंट किंवा बायपास करून मृत्यू कमी झाले नाहीत. तेव्हा सीटी नीट पाहून, गोळ्या देऊन माणसाला घरी पाठवणं हाही उपचारच आहे, असं त्यांनी ठणकावलं.

साध्या सीटीसाठी रुग्णाला एसटीने पुण्याला धाडायचे दिवस आठवून त्यांचा आवाज उतरला. आता यंत्र जवळ आलं, तर चित्र बघायला कुणाला सवड नाही. तालुक्याच्या डॉक्टरांसाठी एखादं टिपण काढू, दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांना एकत्र बसवू, असंही ते म्हणाले. कधी, कुठे, कुणाच्या खर्चाने, ते राहूनच गेलं.

समोरच्या जनरल प्रॅक्टिशनरांना मात्र त्यांनी मोजकंच मागितलं. सीटीला पाठवण्याआधी क्रिएटिनिन बघा. नाडी साठीच्या आसपास आणायला गोळी लागते, म्हणून दम्याची चौकशी करा. आणि पुढे पाठवताना चिठ्ठीला सीडी जोडा, ‘ही पाहूनच वायर घाला’ असं स्वतःच्या अक्षरात लिहा.